चारी कोपऱ्यांना हळद

वत्सलाबाईंची गोष्ट सांगायची तर त्या फोनपासूनच सुरुवात करावी लागते. दोन हजार सहा सालची कोजागिरी होऊन गेली होती, दुसऱ्या दिवशीची सकाळ. मखमलाबादच्या मळ्यात वत्सलाबाई दिवाळीच्या झेंडूत खुरपत बसल्या होत्या. कमरेच्या पिशवीत मोबाईल वाजला. हात मातीचे, म्हणून त्यांनी तो पदरानं धरून कानाला लावला. पलीकडे कुंदन होता, त्यांचा एकुलता एक मुलगा.

"आई, मी मुंबईत हाय."

"मुंबईत? अरे, तू तर इमानात बसला होता ना?"

"बसलो होतो. पोचलो पण. त्यांनी आत घेतलं नाय. तसंच परत पाठवलं."

वत्सलाबाईंना काही कळेचना. त्या उठून उभ्या राहिल्या, जणू उभं राहिल्यावर जास्त ऐकू येणार होतं.

"आत घेतलं नाय म्हंजे? तुझी खोली हाय ना तिथं? तुझे कपडे हायेत, कम्प्युटर हाय, मी दिलेला कुकर हाय! सोताच्या खोलीत जायला कोण अडवतं रे माणसाला? काय केलंस तू? खरं सांग, काय केलंस?"

"काय नाय केलं. पासपोर्ट खराब झालाय म्हणले. व्हिसाचं पान."

"खराब?" वत्सलाबाई आता चिडल्याच. "डोळे फुटले का त्यांचे! अरे, मी सोता हाताळलाय तो. खंडेनवमीला पूजेत ठेवला होता मी. चारी कोपऱ्यांना हळद लावली, मधी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर झेंडू वाहिला. खराब कसा व्हईल?"

रेंज गेली असं वाटून त्यांनी दोनदा हॅलो म्हटलं.

"हां आई. ऐकतोय."

"मग बोल की!"

"बघितलं होतं मी ते पान. मुंबईतच बघितलं, जाताना."

बस्स. एवढंच तो बोलला, आणि वत्सलाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या मटकन खाली बसल्या, तेही झेंडूच्या रोपांवर. स्वतःच्या मळ्यातलं एक रोप कधी पायाखाली न घेणारी ही बाई! फोन कानाला तसाच होता, पण पोरगा पुढं काय बोलला ते त्यांना ऐकू आलं नाही.

आता ही बाई कोण ते आधी सांगतो, म्हणजे हे कसं घडलं ते कळेल. वत्सलाबाई घोटीकडच्या. भाताच्या खाचरात वाढलेली पोर लग्न होऊन मखमलाबादला आली आणि झेंडू, शेवंती, गलांडा बघून आधी हरखली आणि मग त्यातच मुरली. नवरा गोटीराम. देवमाणूस, पण बाजारात उभा केला तर मुकाट्यानं मिळेल तो भाव घेऊन येणारा. म्हणून गणेशवाडीच्या फुलबाजारात माल घेऊन वत्सलाबाईच जायच्या. तिथं त्यांचा आवाज काय सांगावा! व्यापारी लांबून बघूनच म्हणायचे, आल्या बाई, आता आपली धडगत नाही.

आणि या बाईला एक खोड होती. दिसेल त्याला हळदकुंकू लावायचं. विहिरीवर नवी मोटर बसली, लाव हळदकुंकू. शेजारी टीव्ही आला, हातातली भाकरी टाकून वाटी घेऊन पळाल्या. गॅसची टाकी बदलली तरी बोट टेकवायच्या. तुमच्याआमच्या घरी लग्नपत्रिका घराबाहेर पडायच्या आधी तिच्या चारी कोपऱ्यांना हळद लागते, तेवढी मला ठाऊक होती. वत्सलाबाईंच्या हिशेबी मात्र चांगल्या कामासाठी घराबाहेर पडणारी कुठलीही वस्तू पत्रिकाच होती. हळदीची वाटी हातात आली की समोर काय आहे ते त्यांना दिसतच नसे.

कुंदनला हे लहानपणापासून माहीत होतं. नव्वदच्या दशकात तो पॉलिटेक्निकला होता तेव्हाची गोष्ट. त्यानं चार दिवस खपून यंत्राच्या भागाची एक मोठी ड्रॉइंग शीट केली होती. सकाळी आईनं तिच्या कोपऱ्याला मोठ्या मायेनं कुंकू लावलं. सरांनी शीट परत केली. पोरानं रात्र जागून दुसरी काढली, पण आईला एक शब्द बोलला नाही. पुढं कधीतरी बोलता बोलता निघालं, तेव्हा वत्सलाबाई पोट धरून हसल्या.

"मग सरांना काय सांगितलं?"

"सांगितलं, लाल शाई सांडली."

"लबाड!" म्हणत त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्यात हसण्यापलीकडं काही आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

शिकून कुंदन सातपूरच्या एका कारखान्यात लागला, आणि मग इंटरनेटचे दिवस आले. ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीसाठी तो घरबसल्या कम्प्युटरवर पुलांचे, शेडचे नकाशे काढू लागला. काम पाठवायचं तारेतून, पगार यायचा बँकेत. आई बाजारात सांगत सुटली की माझा पोरगा मळ्यात बसून परदेशात नोकरी करतो. पण ते लोडशेडिंगचे दिवस, अहो! मखमलाबादला लाईट जायची ती माणूस म्हातारा झाल्यावर यायची. अर्धा नकाशा झाला की पडदा काळा. तिकडचा साहेब भला होता, पण भलेपणालाही मर्यादा असते. तो म्हणाला, कुंदन, तू कुठूनही काम कर, मला देणंघेणं नाही, पण जिथं वीज जात नाही तिथून कर.

कुंदनचा एक मित्र थायलंडमध्ये होता, दक्षिणेकडच्या एका गावात. खोली स्वस्त, भात भरपूर, वीज अखंड. कुंदन तिकडे गेला. त्याला वर्षभराचा व्हिसा मिळाला, कितीही वेळा आत जा, बाहेर या असा. फक्त एक अट होती. दर तीन महिन्यांनी एकदा देशाबाहेर पाऊल टाकायचं आणि पुन्हा आत यायचं. मग तो काय करायचा, बसनं मलेशियाच्या सरहद्दीवर जायचा, पलीकडे जाऊन चहा प्यायचा, नवा शिक्का घेऊन परत यायचा. हे ऐकून वत्सलाबाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

"म्हंजे शिवाशिवी की रं! पलीकडं शिवायचं आन् परत पळत यायचं. एवढी मोठी सरकारं, आन् खेळ पोरांचा!"

तेव्हापासून बाजारात कुणी विचारलं, कुंदन काय म्हणतो, की त्या सांगायच्या, "सरहद्द शिवायला गेलाय."

त्या साली सरहद्दीवर चहा पिण्याऐवजी तो दसऱ्याला घरी आला. तीन महिने भरतच आले होते, तर घरीच जाऊन यावं, परत जाताना शिक्का मिळेलच, असा त्याचा हिशेब. आणि दसरा म्हणजे झेंडूवाल्यांच्या घरी काय धांदल असते हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. खंडेनवमीला वत्सलाबाईंनी पाटावर पोटापाण्याची सगळी अवजारं मांडली. खुरपी, कोयता, फवारणीचा पंप, तराजू, हार ओवायच्या सुया. कुंदनचा लॅपटॉपही ठेवला. कुंदन काही कामानं गावात गेला होता. पूजा करता करता बाईंच्या मनात आलं, या डब्यानं पोरगा नकाशे काढतो हे खरं, पण त्याला वेस ओलांडू देतं ते दुसरंच. त्यानंच एकदा मोठ्या अभिमानानं ते पान उघडून दाखवलं होतं. आई, हे पान आहे म्हणून मी आत जातो. मग खरं अवजार कोणतं?

त्यांनी बॅगेतून पासपोर्ट काढला. नेमकं तेच पान उघडलं. चारी कोपऱ्यांना हळद, मध्ये ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, वर टपोरा झेंडू. हात जोडून म्हणाल्या, माझ्या लेकराला असंच ने आण कर बाबा. आणि वाळायच्या आत मिटून जागच्या जागी ठेवून दिला. कुणाला सांगावं असं त्यांना वाटलंही नाही. कोयत्याला कुंकू लावलं हे का कोणी सांगत बसतं?

बाकीचं कुंदन मुंबईहून परत आल्यावर तुटक तुटक कळलं. मुंबईत विमानतळावर पान उघडताना चिकटलेलं होतं, ओढावं लागलं. तिथला माणूस आपलाच. त्यानं हळदीचा वास घेतला, हसला, म्हणाला, आईनं पूजा केली वाटतं, आणि सोडलं. पण कुंदन घाबरला. विमानात त्यानं ओल्या रुमालानं ते पान पुसलं, घासलं, आणि कुंकवाबरोबर शिक्क्याची शाईपण फरफटली. तारीख गेली. उतरल्यावर त्या खिडकीतल्या माणसाला काय दिसलं? लालपिवळं झालेलं, घासलेलं, तारीख नसलेलं पान. त्यानं कुंदनला एका खोलीत नेलं, पुन्हा पुन्हा विचारलं आणि पुढच्या विमानात बसवून दिलं. एवढं त्यानं सांगितलं. त्या खोलीत काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमत वत्सलाबाईंना झाली नाही.

"चूक तुझी नाय, आई," तो म्हणाला. "मी पुसायला नको होतं."

पण त्याचं ऐकतंय कोण! गणेशवाडी दणाणून सोडणारी बाई एकदम मुकी झाली. त्यातून कलाबाई, म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, समाचाराला आली आणि दारातूनच म्हणाली, "अगं बाई, मी तर ऐकलं आन् हातपायच गळाले! पोराच्या अन्नावर कुंकू सांडलंस की गं!" तिला काही वाईट म्हणायचं नव्हतं. तिच्या तोंडाला फाटकच नाही. पण वत्सलाबाई उठून आत गेल्या, त्या कलाबाई गेल्यावरच बाहेर आल्या.

त्या दिवसापासून त्यांनी हळदीच्या वाटीला हात लावणं सोडलं. स्वतःच्या कपाळावर लावायच्या तेवढंच. दिवाळीला कुंदनला ओवाळायची वेळ आली, तर ताट कलाबाईच्या हातात दिलं. पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका आल्या, त्यांना हळद लावायला बसवलं तर म्हणाल्या, माझ्या हाताला यश नाही, दुसरं कुणी बसा. पुढच्या गौरीगणपतीला गौरींची पूजा जावेनं केली, आणि या दाराशी पाहुण्यासारख्या बसून राहिल्या. कुंदन हे सगळं बघत होता. खाली मान घालून जेवायचा आणि उठायचा. गोटीराम एकदा म्हणाले, "अगं, कागदच व्हता तो." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या लेखी कागद. त्याची चार वर्षांची मेहनत व्हती त्यात."

आणि खरोखरच पोराचं सगळं लोंबकळत राहिलं होतं. खोली तिकडं भाडं खात पडलेली. साहेबानं अर्धं काम दुसऱ्याला दिलं आणि सांगितलं, वर्षभरात तुझी बसायची जागा पक्की कर, नाहीतर आपला रामराम. कुंदन अशोक स्तंभाजवळच्या एका नेट कॅफेत इन्व्हर्टरच्या भरवशावर नकाशे काढायचा. नव्या पासपोर्टचा अर्ज केला, चौकशी झाली, पोलीस घरी येऊन गेले. बऱ्याच महिन्यांनी नवा पासपोर्ट आला, आणि जुनाही रद्द करून परत मिळाला.

तो जुना बघून वत्सलाबाईंना जो धक्का बसला त्याला मी, त्यांचा शेजारी, साक्षी आहे. रद्द केलेल्या पासपोर्टचे कोपरे कापतात, ही आपली रीतच आहे म्हणे सरकारी. पण त्यांना कुठं माहीत? त्यांनी बघितलं, हळद लावलेल्या कोपऱ्यांपैकी दोन कोपरे कात्रीनं उडवलेले.

"कापलं!" त्या किंचाळल्याच. "अहो, माझं बोट लागलं म्हणून कापून टाकलं त्यांनी!"

कुंदननं समजावलं, सगळ्यांचेच कापतात. त्यांना पटलं की नाही देव जाणे. त्यांनी तो जुना पासपोर्ट फडक्यात बांधून कपाटात साड्यांखाली ठेवला.

नवा व्हिसा दोनदा नाकारला गेला. मागं परत पाठवलेलं होतं ना, ते नावापुढं चढलेलं. तिसऱ्यांदा मिळाला तो ऐन नवरात्रात. साहेबाची मुदत संपत आलेली, थांबायला सवड नाही. अष्टमीला कुंदन निघाला. आईच्या पाया पडला. कपाळावर काही लागेल म्हणून क्षणभर तसाच वाकून राहिला. वत्सलाबाईंनी दोन्ही हात पदराखाली धरले होते ते बाहेर काढलेच नाहीत.

"जा," एवढंच म्हणाल्या. "आत गेला की फोन कर."

दुसरा दिवस खंडेनवमीचा. गोटीरामांनी पाट मांडला, कोयता, खुरपी, तराजू घासूनपुसून ठेवलं. दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्याच्या मालासाठी टेम्पो सांगितलेला, मजूर खोळंबलेले. कलाबाई वाटी घेऊन तयार. पण वत्सलाबाई कुणाला पूजेला हात लावू देईनात. पोरगा आत गेल्याचा फोन येऊ दे, मग काय ते करा. सगळे बसून राहिले. दुपार टळायला आली. कलाबाई कंटाळून घरी गेली. विमान कधीच पोचलं असणार, आणि फोन नाही. वत्सलाबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "परत पाठवला," त्या पुटपुटत होत्या. "परत पाठवला बघा."

आणि फोन वाजला.

"आई, आत आलो."

वत्सलाबाईंनी डोळे मिटले. गोटीराम शेजारीच होते, त्यांनाही ऐकू जात होतं, इतक्या मोठ्यानं कुंदन बोलत होता.

"लय वेळ बसवून ठेवलं. कम्प्युटरवर मागचं सगळं निघालं. विचारलं, त्या पानावर काय लागलं होतं? मी सांगितलं, माझी आई फुलं विकते, आमच्यात वर्षातून एकदा अवजारांची पूजा करतात, तिनं याची पण केली. त्यानं मोठ्या साहेबाला बोलावलं. तो म्हणाला, मागच्या वेळी तू हे सांगितलं नव्हतंस."

"मग काय सांगितलं व्हतं?" वत्सलाबाईंनी विचारलं.



"आई, तू रागावू नको."

"काय सांगितलं व्हतंस?"

"सॉस. टोमॅटोचा सॉस सांडला म्हणून सांगितलं. सगळ्यांसमोर तुझं हळदकुंकू कसं सांगायचं, लाज वाटली. त्याला हळदीचा वास आला, त्यानं परत विचारलं, तरी मी सॉसच म्हणलो. साहेब आज म्हणाला, पान खराब व्हतं तर नवा व्हिसा काढून आण म्हणलो असतो. पण तू खोटं बोललास, म्हणून परत धाडला आन् नाव चढवलं."

गोटीरामांनी वत्सलाबाईंकडं पाहिलं आणि मग जमिनीकडं. वर्षभरातली दिवाळी, पत्रिका, गौरी, आणि कालचं ते वाकलेलं कपाळ, सगळं एकदम त्या बाईच्या चेहऱ्यावर आलं.

"माझ्या कुंकवाला सॉस म्हणालास," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग आवाज चढला, गणेशवाडीचा तो जुना आवाज. "आरं, वरीसभर माझ्या हाताकडं बघत व्हतास तू! मी वाटीला शिवत नव्हते, तुला ओवाळलं नाय, काल तुला तसाच धाडला. बघत व्हतास ना? आन् बोलला नाय?"

पलीकडून रडल्यासारखा आवाज आला. त्यांनी फोन गोटीरामांच्या हातात दिला आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या साड्यांखालचं ते फडकं घेऊन. कोपरे कापलेला पासपोर्ट त्यांनी पाटावर कोयत्याशेजारी ठेवला, वाटी ओढली, हळद कालवली, कुंकू भिजवलं. आधी त्या पासपोर्टच्या दोन शाबूत कोपऱ्यांना हळद लावली, मग कापलेल्या दोन्हींना, जरा जास्तच. मग कोयता, मग तराजू, मग एकेक सुई.

"आबा," फोनमधून कुंदन विचारत होता, "आई बोलंल का माझ्याशी?"

गोटीरामांनी बायकोकडं पाहिलं. ती मान वर न करताच म्हणाली, "त्याला म्हणावं, संध्याकाळी कर फोन. आत्ता माझे हात भरलेत."